श्वासाविना बारा मिनिटं

कासारमाळ गावात बाटली आडवी होऊन अकरा वर्षं झाली, त्याच आठवड्यात विजयमाला जठारच्या तोंडाला दारूचा वास आला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण बाटली आडवी करणारी बाई तीच होती. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दारूचं दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. त्या दिवशी मालाने पाठीला बाळ बांधलेल्या पोरींपासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत गावातल्या झाडून सगळ्या बायका मतदानाला काढल्या. दुकानाला कुलूप लागलं. चौथ्या महिन्यात मालाचा नवरा संपत याने पिणं सोडलं, ते कायमचं. गाव म्हणायचं, मालाताईने एका कुलपात दुकान आणि नवरा दोन्ही बंद केले. मालाला हे ऐकायला आवडायचं. ती वरवर "काहीतरीच" म्हणायची, पण आवडायचं.

आणि आता दूध डेअरीच्या रांगेत हौसाकाकूने तिच्याजवळ नाक नेलं, दोनदा हुंगलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "माले, बाटली आडवी केलीस ती उशाला घ्यायला व्हय गं?"

"काकू, मी प्यायलेली न्हाई. ही माझ्या अंगात तयार झालेली हाय."

"आमचा म्हातारा बी असंच म्हणायचा. म्हणायचा, मी कुठं पितो, ती आपोआप आत जाती."

रांग खदाखदा हसली. मालाही हसली, कारण हसण्यावाचून इलाज नव्हता. पण ती सांगत होती ते शब्दशः खरं होतं.

उसाचं पाचट आणि कारखान्याची मळी कुजवून गॅस करायचे कारखाने गावोगाव उभे राहिले, त्याला आता पंधरा वर्षं झाली होती. ट्रॅक्टर त्याच गॅसवर चालत आणि घरच्या शेगड्याही. गावाच्या कडेला सिमेंटचे मोठाले घुमट दिसत. आत शेणकाल्यासारखा रांधा, म्हणजे कुजणारा लगदा, शिजत असे. वर्षातून एकदा-दोनदा पंपात पाचटाचा बोळा अडकायचा आणि कुणीतरी 'दोन मिनिटांत काढतो' म्हणून आत उतरायचं. आत हायड्रोजन सल्फाइड असे. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला तर नाकच मरतं आणि वास येत नाही, म्हणून माणसाला वाटतं हवा चांगली आहे. दोन-चार श्वासांत तो खाली पडतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. दुसऱ्याला काढायला तिसरा.

दोन वर्षांपूर्वी कासारमाळच्या घुमटात असेच तिघं गेले होते. अग्निशमनची गाडी वेळेत आली होती. जवानांच्या पाठीवर ऑक्सिजनचे सिलिंडर होते. पण घुमटाचं तोंड होतं जेमतेम दीड फुटाचं, आणि सिलिंडर पाठीवर घेऊन दीड फुटातून कुणी आत जाऊ शकलं नाही. तोंड कापून मोठं करावं तर ठिणगी पडून घुमटच उडायचा. नवे घुमट रुंद तोंडाचे येऊ लागले होते, पण तालुक्यात जुने चौदा शिल्लक होते. माला त्या दिवशी तिथे उभी होती. दीड फुटाच्या भोकाभोवती पन्नास धडधाकट माणसं आणि कुणाच्याच हातात काही नाही, हे तिने बघितलं होतं.

म्हणूनच कराडच्या डॉक्टर तबस्सुम मुल्ला गावात आल्या आणि 'अंगाने बारीक, काळजाने घट्ट' अशा तीन बायका हव्यात म्हणाल्या, तेव्हा पहिला हात मालाने वर केला.

डॉक्टरांनी तिला आणि संपतला समोर बसवून नीट समजावलं होतं.

"तुम्ही भाकरी खाता तिची शेवटी साखर होते. ती पेशीत गेली की आधी तिचे दोन तुकडे पडतात. एवढ्याला ऑक्सिजन लागत नाही, पण त्यातून मिळतंही थोडंच. एका साखरेमागे एटीपीचे दोन कण. एटीपी म्हणजे पेशीला थेट वापरता येईल अशी ऊर्जा. चुलीत सारायला फोडून ठेवलेलं जळण समजा. खरं काम पुढे, पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये. तिथे ते तुकडे पार मोडले जातात आणि त्याच एका साखरेतून तीसेक कण मिळतात. पण हे सगळं चालतं ते शेवटच्या दाराशी ऑक्सिजन उभा असतो म्हणून. साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन तो उचलतो आणि त्यांचं पाणी करून टाकतो. घुमटातला गॅस नेमकी त्या शेवटच्या दाराला कडी घालतो."

"म्हणजे," माला म्हणाली, "साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी अडकली की पार फाट्यापर्यंत उसाच्या गाड्या तुंबतात, तसं."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिल्या. "माझ्या विद्यार्थ्यांना हे कळायला दोन तास लागतात."

मग त्यांनी माशाची गोष्ट सांगितली. थंड मुलखात तळी गोठतात, खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, तरी तिथला एका जातीचा मासा महिनोन् महिने जगतो. ऑक्सिजन नसेल तेव्हा आपल्या स्नायूंत आम्ल साचतं आणि हातपाय जड होऊन थांबतात. हा मासा त्याऐवजी दारू करतो आणि ती कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. साचत काही नाही, म्हणून गाडी थांबत नाही. डॉक्टरांच्या औषधाने माणसाच्या पेशींनाही ती युक्ती शिकवता येत होती. नाकाला चिमटा, तोंड मिटलेलं, एकही श्वास न घेता बारा मिनिटं काम.

"माशाला कल्ले आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची दारू श्वासातून बाहेर पडणार. दोन दिवस वास येईल. आणि चढेलही."

संपत जमिनीकडे बघत होता.

"अजून एक. या मार्गाने तीसच्या जागी दोनच कण मिळतात. म्हणजे शरीर साखर अक्षरशः ओतत सुटतं. तुमच्या यकृतात साठलेली साखर हाच तुमचा सिलिंडर. मेंदू तर तिच्यावरच चालतो. पोट रिकामं ठेवून उतरायचं नाही."

मालाने मान डोलावली. जेवणानंतर घ्यायच्या गोळ्यांविषयी सगळेच डॉक्टर असं सांगतात, तसंच हेही काहीतरी, असं तिने धरलं.

पहिला डोस तीन महिन्यांचा होता. तो मानवला तर दसऱ्यानंतरच्या सोमवारी पक्का डोस, जन्मभराचा. बाकीच्या दोघींना औषध मानवलं नाही. उरली एकटी माला.

तिसऱ्या महिन्यात शेजारच्या गावात ती पहिल्यांदा खऱ्या कामाला उतरली. नऊ मिनिटांत एका माणसाला जिवंत बाहेर काढलं. दोर धरायला संपतच होता. त्याने तिला भोकातून ओढून वर घेतलं, तिने चिमटा काढून पहिला श्वास सोडला, तो सरळ त्याच्या तोंडावर. संपतने तिला कमलच्या, म्हणजे औषध न मानवलेल्या दोघींपैकी एकीच्या, हवाली केलं आणि तो गर्दीतून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपलं अंथरूण गुंडाळत होता.

"कुठं निघालात?"

"मळ्यात. मोटारीच्या खोलीत झोपत जाईन."

"माझं काय चुकलं?"

"तुझं काय चुकलं न्हाई." त्याने वळकटीची गाठ ओढली. "रातभर तुझ्या उशाशी कुत्र्यागत हुंगत बसलो होतो, माला. अकरा वर्षांनी. म्हणून जातो."

त्या दिवसापासून दोर कमल धरू लागली. संपत दोन वेळा जेवायला यायचा, ताटाकडे बघून जेवायचा आणि जायचा.

मालाच्या मनात मात्र एकच गणित फिरत राहिलं. आपण याला सोडवलं, आता आपणच याला बुडवणार. पक्का डोस घेतला तर घरात दारूची बाटली कायमची उभी राहिली, ती पण आपल्या रूपाने. नाही घेतला तर तालुक्यातल्या चौदा घुमटांना तोंडं होती, पण आत जाणारं कुणी नव्हतं. रात्रंदिवस तिने हे उलटसुलट केलं आणि शेवटी ज्याला उत्तर सापडत नाही ते जिथे नेऊन ठेवतात तिथे तिने ते ठेवलं. नवरात्र आलं होतं. दारूचा वास येणाऱ्या तोंडाने आपण देवीपुढे कसं बसायचं, हेही मनात होतं. तिने घटस्थापनेला कडक उपवास धरला. पाणी आणि संध्याकाळी एक केळं. नऊ दिवस देह स्वच्छ करायचा, दसऱ्याला देवी सांगेल ते करायचं. कुणाला बोलली नाही. व्रत बोलून दाखवायचं नसतं.

सातव्या माळेच्या दिवशी दुपारी बाराला कासारमाळच्याच घुमटावरचा भोंगा वाजला.

माला पोचली तेव्हा घुमटाभोवती माणसं जमली होती. प्लँटचा ऑपरेटर इरफान पंपातला बोळा काढायला उतरला होता आणि पडला होता. त्याला काढायला बापू कणसे उतरला, तोही पडला. तिसरा उतरू नये म्हणून एकाला चौघांनी धरून ठेवलं होतं. तो इरफानचा भाऊ होता आणि तो रडत होता.

"कमल कुठाय?"

"माहेरी गेली सणाला."

"मग दोर?"

"आण हिकडं," मागून आवाज आला. संपत मळ्यातून पळत आला होता. त्याने दोर घेतला, मालाच्या छातीभोवती पट्टा आवळला आणि हात थांबला. पट्टा नेहमीच्या भोकापेक्षा दोन भोकं आत बसत होता.

"काय खाल्लंस आज?"

माला चिमटा नाकाला लावायच्या घाईत होती. "सोडा, वेळ न्हाई."

"माला, काय खाल्लंस?"

"उपवास हाय."

"कधीपास्नं?"

"पहिल्या माळेपास्नं."

संपतने तोंडावर हात मारून घेतला. "आगं, डॉक्टरणीनं सांगितलं तेव्हा मी बी तिथंच बसलो होतो! साखर हाच सिलिंडर म्हणाली. तू रिकामा सिलिंडर घेऊन निघालीस!" आणि तो घुमटाला लागूनच असलेल्या घराकडे बघून ओरडला, "हौसाकाकू! काकवी आण! हाय तेवढी आण!"

हौसाकाकू चरवीच घेऊन आली. पातळ गुळाची ती काळपट धार संपतने तांब्यात ओतली आणि तांब्या मालाच्या तोंडाशी धरला.

"नवस हाय माझा," ती म्हणाली. "दोन दिवस राहिल्यात फक्त."

"देवीला मी सांगतो काय सांगायचं ते. पी."

"माले, पी गं," हौसाकाकू म्हणाली. "आत दोन लेकरं पडल्यात. ती काय देवीची न्हाईत?"

मालाने डोळे मिटले आणि तांब्या रिकामा केला. सात दिवसांच्या कोरड्या पोटात ती गोडी विस्तवासारखी उतरली. दुसरा तांब्या तिने स्वतःच मागितला.

"बारा मिनिटं न्हाईत तुला आता," संपत दोर कमरेला गुंडाळत म्हणाला. "सहा. लई तर सात. मिनिटाला एक ठोका देतो वरनं. सहाव्याला तू खाली असलीस तरी मी ओढणार."

"दोघं हैत, सहात कसं व्हायचं?"

"तुझं तू बघ. माझं मी सांगितलं."

तिने तीन मोठे श्वास घेतले, चिमटा लावला आणि दीड फुटाच्या भोकातून पाय आत सोडले.

आत हिरवट अंधार होता. रांधा कमरेपर्यंत आला. कपाळावरच्या दिव्यात आधी बापू दिसला, शिडीशीच मुटकुळं होऊन पडलेला. तिने त्याच्या काखेतून दुसऱ्या दोराचा फास घातला आणि झटका दिला. वरून माणसं ओढू लागली. ठोका. ठोका. एरवी दोन ठोक्यांनंतर तिच्या अंगात एक हलकी ऊब चढायची, पाय आपोआप चालायचे. आज पाय तिचे नव्हते. तिसऱ्या ठोक्याला बापूची चप्पल भोकातून वर गेली. फास परत खाली यायला चौथा ठोका झाला.

इरफान पलीकडच्या कडेला, पंपाच्या नळीला मिठी मारून पडला होता. तोंड रांध्याच्या बोटभर वर. तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला शिडीपर्यंत ओढत आणलं. डोळ्यांपुढे कडेकडेने काळोख येऊ लागला होता. डोकं गरगरत होतं, आणि या सगळ्यात तिला हसू येत होतं, हे तिला कळत होतं. चढली, तिने स्वतःला सांगितलं. चढू दे. हातांना चढत नसती. पाचवा ठोका. तिने फास त्याच्या डोक्यावरून घातला, एक हात बाहेर राहिला. आवळता येईना. सहावा ठोका पडला आणि तिचा स्वतःचा दोर ताणला गेला. तिने डाव्या हाताने शिडीचा गज धरून ठेवला. दोर ओढतोय, ती धरतेय. उजव्या हाताने तिने इरफानची बाही ओढली, त्याचा हात फासात घेतला, फास आवळला आणि झटका दिला. मग गज सोडला. पुढचं तिला आठवलं नाही.

आधी इरफान वर आला आणि त्याच्यामागून माला, मान टाकलेली.

बापू खोकत होता. इरफानला सरकारी दवाखान्याच्या गाडीतली नर्स पंपाने हवा देत होती. पंप एकच होता. मालाचा चिमटा संपतने काढला, तरी छाती हलत नव्हती. नर्स ओरडली, "हिने आतली हवा घेतलेली नाही, तोंडाने श्वास द्या! कुणीतरी द्या!"

संपत गुडघ्यावर बसला होता. मालाचे ओठ अर्धवट उघडे होते आणि त्यातून पहिल्या धारेच्या दारूचा उग्र, गोडसर दर्प येत होता. भोवतीच्या माणसांनाही तो आला. हौसाकाकूने पदर नाकाला लावला आणि मग संपतकडे बघून लगेच काढला.

संपतने तिची हनुवटी वर केली, आणि तोंडावर तोंड ठेवलं.

एक. दोन. चव त्याच्या जिभेवर आली. तीन. चार. त्याचे डोळे वाहत होते, कशाने ते कुणी विचारलं नाही. अकराव्या श्वासाला मालाची छाती आपली आपण वर आली. नर्सने तिच्या हातात ग्लुकोजची सुई खुपसली. संपत उठला, हौदाशी गेला, तोंडात पाणी घेऊन थुंकला. पुन्हा घेतलं, पुन्हा थुंकला. मग हौदाच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माला मळ्यात गेली. दवाखान्यातून कालच सोडलं होतं. दोघंही माणसं जगली होती. इरफानला अजून आठवडाभर ठेवणार होते. संपत उसाला पाणी देत होता. तिने बांधावर बसून आणलेल्या डब्याचं फडकं सोडलं, आणि मनाशी घोकून आली होती ते बोलली.

"मी पक्का डोस न्हाई घेणार. तुमच्यापायी. अकरा वर्षं तुम्हाला जपलं, आता मीच—"

संपतने खोरं खाली टाकलं.

"जपलं?"

त्याला इतक्या वर्षांत तिने रागावलेलं बघितलं नव्हतं.

"अकरा वर्षं गाव म्हणतंय, मालानं नवऱ्याला सोडवला. मी गुमान ऐकतो. दुकान तू बंद केलंस, खरं हाय. पर चार किलोमीटरवर नदीपल्याड दुसरं व्हतंच की. पहिलं वरीसभर मी रोज सांजच्याला त्या पुलापतोर जायचो. आणि पुलावरनं माघारी यायचो. तू हात धरून आणायचीस काय मला?"

"तुम्ही कधी सांगितलं न्हाई."

"काय सांगायचं? प्यालो न्हाई, हे काय सांगायचं असतंय?" तो तिच्यासमोर बांधावर बसला. "ते माझं मी केलंय, माला. तेवढं एक माझं माझ्याकडं राहू दे."

पाणी सरीतून पुढे सरकत होतं. मालाला आपण इतकी वर्षं कशाचा आनंद मिरवला हे आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"आणि आता?" तिने हळूच विचारलं. "प्यावंसं वाटलं तर?"

"वाटतंयच की. चव अजून जिभेवर हाय. परवा वाटलं, काल वाटलं, आज पाणी सोडताना बी वाटत व्हतं." तो भाकरी मोडत म्हणाला. "वाटणं आणि पिणं यात चार किलोमीटर हैत. मला ती वाट पाठ हाय."

"तुम्ही सांगा मग. डोस घेऊ का नको?"

"मला इचारशील तर नको. तू वर आलीस तवा तुझं तोंड निळं व्हतं, ते मला रोज दिसतंय. भ्या वाटतं म्हणून नको. पर माझ्या दारूपायी नको, असं म्हणू नगंस. घुमटातल्या माणसांचा इचार करून काय ते ठरव."

मालाने उसाकडे बघितलं. दीड फुटाचं भोक तिला दिसत होतं, आणि त्याभोवती रिकाम्या हातांची पन्नास माणसं.

"घेते," ती म्हणाली.

संपतने मान डोलावली.

"मग तू वर आलीस की दोन दिवस मी हितं मोटारीच्या खोलीत. तिसऱ्या दिवशी घरी. आणि दोर मीच धरणार, ते कमलला सांगून ठेव. दोर कवा ओढायचा आणि कवा ढिला सोडायचा, हे तिला न्हाई कळायचं."

"बरं."

"आणि सहाव्या ठोक्याला गज धरून बसायचं न्हाई."

"ते मी खाली असताना ठरवीन."

तो हसला नाही, पण डब्यातली दुसरी भाकरी त्याने तिच्याकडे सरकवली. ती खाऊ लागली.

"सोमवारी सातच्या गाडीनं जाते," ती घास घेत म्हणाली.

"सातची गाडी कवा कवा धा मिनिटं आधीच सुटती," संपत खोरं उचलत म्हणाला. "पावणेसातलाच फाट्यावर जाऊ."